अंकल, जरा बाजूला व्हा!

गेल्या जानेवारीतली गोष्ट. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या एका सिनेगॉगच्या दारात मी उभा होतो. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही; ते महत्त्वाचंही नाही. रविवारची सकाळ होती. मुंबईहून पहिल्या बोटीनं मांडव्याला उतरलेली दहा-बारा जणांची एक मंडळी माझ्या आधीच तिथे पोचली होती. प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा, काहींच्या खांद्यावर तिकाटणी. वारसा-सहल होती ती. आधी किल्ला, मग सिनेगॉग, मग कुणाच्या तरी वाडीत जेवण आणि संध्याकाळी समुद्रावर सूर्यास्त, असा बेत त्यांच्याच बोलण्यातून कळला.

सिनेगॉगची देखभाल करणारे एक वृद्ध गृहस्थ पायरीवर उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. पाहुण्यांसाठी कुलूप काढून, पंखे लावून, झाडलोट करून ते वाट बघत होते. कॅमेरेवाल्यांपैकी एका तरुणानं अतिशय नम्रपणे, हसून त्यांना म्हटलं, ‘‘अंकल, जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय.’’

गृहस्थ बाजूला झाले. इतके बाजूला झाले की भिंतीआड गेले. मग पुढची पंधरा-वीस मिनिटं त्या निर्मनुष्य दाराचे, निर्मनुष्य ओट्याचे, निर्मनुष्य बाकांचे फोटो निघत राहिले. निघताना त्यातल्या एका बाई हळहळल्या, ‘‘किती सॅड ना! कुणीच उरलं नाही इथे.’’

मला राग आला, हे कबूल करतो. मात्र त्या तरुणाला दोन शब्द सुनवावेत असं मनात येऊनही मी गप्प बसलो. कारण असंच काहीसं मीही पूर्वी केलं आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

1985 ते 88 अशी तीन वर्षं मी बँकेच्या अलिबाग शाखेत होतो. आमचे हेडकॅशियर बेने इस्रायल होते. आडनावाच्या शेवटी ‘कर’, आणि त्या ‘कर’च्या आधीचं गाव शाखेपासून चार कोसांवर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. शनिवारी बँक अर्धा दिवस असे, पण काकांची शनिवारची रजा ठरलेली. त्याच्या बदल्यात इतरांना नको असलेली कामं ते आनंदानं अंगावर घेत. गणपतीच्या दिवसांत आम्ही कोकणस्थ-देशस्थ-आगरी सगळे गावाला पळायचो आणि शाखा काकांच्या जिवावर चालायची. नोटा मोजताना ते मराठीत मोजत, मनात प्रार्थना हिब्रूत म्हणत आणि कुणी खोटी सही घेऊन आला तर अस्सल कोकणी शिव्या देत. 1989 साली ते निवृत्त झाले आणि 1992 मध्ये मुलाकडे इस्रायलला, अश्दोदला गेले.

1995 साली त्यांचं आंतरराष्ट्रीय पत्र आलं. सुवाच्य, बँकेच्या लेजरातलं असावं तसं अक्षर. खुशाली वगैरे झाल्यावर शेवटी एक ओळ होती : गावच्या कब्रस्तानात माझ्या आईची कबर आहे, तिचा एक फोटो काढून पाठव, नातवंडांना दाखवायचा आहे.

मी वर्षभर गेलोच नाही. बदली, मुलांच्या शाळा, कादंबरीचं हस्तलिखित, सबबींना काय तोटा! शेवटी 1996 च्या डिसेंबरात गेलो. तेव्हा मला फोटोग्राफीचं नवं नवं वेड लागलं होतं. कबर शोधायला अर्धा दिवस गेला. सापडली तेव्हा माथ्यावर ऊन होतं, मागे सुरूची झाडं, त्यांच्यामधून समुद्राची निळी पट्टी. मी गुडघ्यावर बसलो, मग पोटावर झोपलो, कोन साधला. छत्तीसच्या रोलातले आठ-दहा फोटो खर्च केले. त्यातला सर्वांत देखणा मोठा करून, पुठ्ठ्यात घालून रजिस्टर्ड पाठवला. मनातून मी स्वतःवर खूश होतो.

काकांचं उत्तर आलं. ‘फोटो फार सुंदर. समुद्र पाहून जीव भरून आला. पण बाळा, अक्षरं कुठे आहेत?’

अक्षरं नव्हतीच. भर दुपारचं ऊन दगडावर सपाट पडलं होतं आणि त्यात कोरलेलं सगळं पुसून गेलं होतं. सुरू होते, समुद्र होता, एक रेखीव काळा दगड होता. तो कुणाच्याही आईचा असू शकला असता.

छायाचित्र आणि ज्यू संस्कृती हे दोन शब्द एकत्र आले, की जगभर एक नाव हमखास निघतं : रोमन विश्नियाक. 1935 ते 38 या काळात अमेरिकेतल्या एका ज्यू मदत-संस्थेसाठी हा गृहस्थ पूर्व युरोपभर फिरला. पोलंड, लिथुआनिया, कार्पेथियन डोंगरातली खेडी पालथी घालून त्यानं ज्यू वस्त्यांचे हजारो फोटो काढले. त्यानंतर काही वर्षांतच त्यातली बहुतेक माणसं नाझींनी मारून टाकली. 1983 साली ते फोटो ‘अ व्हॅनिश्ड वर्ल्ड’ या ग्रंथात आले आणि आधीच नष्ट झालेलं ते जग साऱ्यांच्या डोळ्यांपुढे कायमचं उभं राहिलं. मी तो ग्रंथ एका वाचनालयात बसून पाहिला आहे. दोन तास लागले. बाहेर पडल्यावर चहा प्यावासा वाटला नाही.

पण नंतर त्याच्या संग्रहाची नीट छाननी झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट उजेडात आली. ग्रंथात आलेले फोटो बहुतांशी दारिद्र्याचे, दाढीवाल्या धर्मभीरू म्हाताऱ्यांचे, पाठशाळेतल्या फिकट पोरांचे. पेटीत राहिलेल्या निगेटिव्हांमध्ये मात्र हसणाऱ्या मुली होत्या, आधुनिक कपड्यांतली माणसं होती, गजबजलेली शहरं होती. आणि काही फोटोंखाली लिहिलेल्या हकिकती फोटोतल्या वस्तुस्थितीशी जुळत नव्हत्या. विश्नियाकनं हे का केलं हे समजण्यासारखं आहे. त्याला मदत गोळा करायची होती, आणि पुढे तर मेलेल्यांसाठी रडायचं होतं. त्याच्यावर दगड उचलायची माझी हिंमत नाही. तरीसुद्धा फोटोग्राफर आधी ‘हे लोक संपणार’ असं ठरवतो आणि मग त्या निकालाला साजेसे फोटो काढतो, हा धोका त्याच्यासारख्या मोठ्या माणसालाही चुकला नाही, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडे तर हा निकाल जरा जास्तच घाईनं लागतो. आणि इथे तो चुकीचाही आहे. युरोपातल्या ज्यूंना मारलं गेलं. कोकणातले ज्यू ट्रंका बांधून, शेजाऱ्यांच्या गळ्यात पडून, लोणच्याच्या बरण्या सांभाळत विमानात बसले. 1948 च्या सुमारास भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. आज ते चार-पाच हजारांच्या घरात असतील, बहुतेक मुंबई, ठाणे, पुणे परिसरात. पण इस्रायलमध्ये त्यांची संख्या इथल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे. अश्दोद, दिमोना, लोद, रामला, बीरशेबा इथे गेलेल्या आमच्या मंडळींना रस्त्यात मराठी ऐकू आल्याचे किस्से तुम्हीही ऐकले असतील. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक अनेक वर्षं निघालं. ही माणसं संपलेली नाहीत. ती फ्रेमबाहेर आहेत.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर, आमच्याकडे दोन प्रकारची खाती असायची. एक बंद खातं : हिशेब पुरा, पासबुक परत, लेजरच्या पानावर लाल रेघ. दुसरं ‘इनऑपरेटिव्ह’. खातं जिवंत असतं, शिल्लक असते, फक्त बराच काळ कुणी व्यवहार केलेला नसतो. अलिबागच्या शाखेत त्या दुसऱ्या लेजरात ‘कर’वाली कितीतरी नावं होती. काकांना एकदा मी म्हटलं, हे लोक आता काही परत यायचे नाहीत, कशाला ही पानं वाहायची? काका म्हणाले, ‘‘खातेदार आला तर तू काय सांगणार? ‘तुम्ही याल असं वाटलं नाही’?’’

या मंडळींचा इतिहास इथे विस्तारानं सांगत नाही, पण फोटो काढायला निघणाऱ्यानं निदान एवढं तरी जाणून निघावं. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचं गलबत किहीमजवळ, नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावला पुरलं. ती जागा आजही दाखवतात, तिथे स्मारकस्तंभ उभा आहे. वाचलेल्यांचा वंश कोकणात पसरला, तेलाचे घाणे चालवू लागला आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ झाला. ज्या गावी राहिले त्या गावचे झाले : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. हिंदी चित्रपटातले चरित्र अभिनेते डेव्हिड हे असेच एक चेऊलकर. इंग्रजी कवी निसीम इझिकेल याच समाजातले, आणि वरळीच्या ज्या डॉ. ई. मोझेस रस्त्यावर आपण तासन् तास वाहतुकीत अडकतो ते मुंबईचे महापौरही. आपलं या समाजाबद्दलचं कौतुक सहसा या दोन-तीन नावांवर संपतं.

शनिवार पाळतात म्हणून ज्यांना इथे शतकानुशतकं ओळखलं गेलं, त्यांनाच 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये ‘तुम्ही पक्के ज्यू कशावरून?’ असं विचारलं गेलं. तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांना अटी घातल्या. ही मराठी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली आणि 1964 मध्ये तो वाद मिटला. तिथल्या मागण्यांच्या फलकांचे फोटो वृत्तपत्रांनी काढले असतीलच. आपण मात्र कोकणातल्या रिकाम्या बाकांचे काढतो.

आता फिरणाऱ्यांकडे वळतो. मुंबईत भायखळ्याचं निळं मागेन डेव्हिड, काळा घोड्याजवळचं 1884 सालचं केनेसेथ एलियाहू, पुण्याचं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड, या साऱ्या ससून घराण्याच्या भव्य वास्तू. बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंच्या. त्या डोळे दिपवतात आणि कॅमेरा तिकडे आपोआप वळतो. केनेसेथ एलियाहूची डागडुजी होऊन ते 2019 मध्ये पुन्हा खुलं झालं, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. रंगीत काचांमधून आलेला उजेड खांबांवर पडलेला पाहिला आणि काम करणाऱ्यांना मनोमन हात जोडले. या वास्तू बघाव्यात, जरूर बघाव्यात. पण बेने इस्रायलांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग यांपैकी नाही. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी 1796 मध्ये ते बांधलं. पुढे 1860 मध्ये ते जवळच नव्या जागी उभं राहिलं. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली ‘मशीद’ म्हणजे हीच, असं सांगतात. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. त्या गर्दीत मालाच्या हातगाड्यांमधून वाट काढत जायची तयारी असेल तर जा. देखणा फोटो मिळेलच असं नाही.

कोकणातली सिनेगॉग तर आणखी साधी. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ, रेवदंड्याचं बेथ एल, पनवेलचं बेथ एल ही सगळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उभी राहिलेली. बाहेरून एखाद्या सधन वाड्यासारखी दिसतात. आत मध्यभागी लाकडी कठड्याचा ओटा, त्यावरून प्रार्थना म्हणतात. छताला टांगलेले काचेचे दिवे, प्रेषित एलियाहूची खुर्ची, आणि भिंतीत तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं पडद्याआडचं कपाट. युरोपातल्या सिनेगॉगमध्ये हे कपाट पूर्वेच्या भिंतीला असतं, आपल्याकडे पश्चिमेच्या. कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. फोटो काढणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी. सकाळी पूर्वेच्या दारा-खिडक्यांतून येणारा उजेड थेट कपाटावर जातो. दुपारनंतर गेलात तर त्याच्या आजूबाजूच्या खिडक्या डोळ्यांत घुसतात आणि कपाट काळंठिक्कर येतं. एवढ्याशा दिशाभेदात या लोकांचा सगळा प्रवास आहे, पण तो फोटोत उतरवायला आधी ठाऊक असावा लागतो.

शनिवारी जाऊच नका. शब्बाथला फोटो काढणं निषिद्ध. ‘आम्हाला तेवढाच वीकेंड मिळतो’ हे कारण तिथे चालत नाही. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईत नरिमन हाउसवर हल्ला झाला, तेव्हापासून दारात पोलीस असतात, ओळखपत्र मागतात, परवानगी लागते. यावर नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना एवढंच म्हणेन की आपण कुणाच्या तरी देवघरात चाललो आहोत.

फोटो काढायचाच असेल तर मलिद्याचा काढा, अर्थात कुणी प्रेमानं बोलावलं तर. लग्नाआधी, नव्या घरात शिरताना, नवस फेडताना एलियाहू हानावीच्या नावानं मलिदा होतो. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची. भोवती खजूर, केळी आणि इतर फळं. ताटाभोवती माणसं बसतात आणि हिब्रूत एलियाहूचं स्तवन म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळे परिसरात, घाटावरच्या खंडाळ्याशी गल्लत करू नका, एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आहेत अशी श्रद्धा आहे. तिथे आजही लोक नवस फेडायला येतात, इस्रायलहूनही येतात. एका समाजाचा प्रेषित स्वर्गात जाताना आपल्या अलिबाग तालुक्यात चाकं टेकवून गेला, याचं आपल्याला साधं नवलही नाही.

आणि सण? त्यांना ‘खिरीचा सण’ आहे, ‘बिरड्याचा सण’ आहे. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं, त्या सुतकाच्या तिथीला आमच्या अलिबागकडचं वालाचं बिरडं! काका त्या दिवशी डब्यात बिरडं आणत आणि हसत नसत. मी तेव्हा पंचविशीत होतो. बिरड्याला कोण दुःखात खातं, असा विनोद मी केला होता, तो आठवून आजही ओशाळल्यासारखं होतं.

बरं, स्वतःचं चित्र स्वतः काढायला हे लोक कुणावाचून अडले नव्हते. वल्हांडण सणाच्या रात्री वाचतात त्या पोथीला हग्गादा म्हणतात. पुण्यात 1874 साली मराठी भाषांतरासह एक हग्गादा छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकरी करताहेत. इजिप्तमधून सुटकेची कथा, हिब्रू अक्षरं, शेजारी देवनागरी, आणि चित्रात आपल्या आजीसारख्या दिसणाऱ्या बायका! हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास 1897 पर्यंत लिहून ठेवला. तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अविवला. चाळीस वर्षं हस्तलिखित राहिलं. आम्हा लेखकांना प्रकाशकानं चार महिने लावले तरी झोप येत नाही. आपल्या काळात एस्थर डेव्हिड यांनी ‘द बुक ऑफ रेचेल’ ही कादंबरी याच कोकण किनाऱ्यावर रचली आणि तिला 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे सांगणारे आहेत. महाराष्ट्र सरकारनंही 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. उशिरा का होईना, दिला.

पण सगळ्यांत मोठं काम कुणाच्याच यादीवर नाही. ते कब्रस्तानांमध्ये आहे. रायगड जिल्ह्यात गावोगावी बेने इस्रायलांची लहान लहान कब्रस्तानं आहेत. अगदी जुन्या कबरींवर अक्षरच नाही, नुसते दगड. नंतरच्यांवर हिब्रू आणि मराठी, काहींवर इंग्रजीही. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि शेवाळ यांनी ती अक्षरं दरवर्षी थोडी थोडी झिजतात. जवळच्या जमिनींना सोन्याचा भाव आला आहे, तो धोका वेगळाच. या दगडांचे फोटो हवेत : देखणे नकोत, वाचता येणारे हवेत. अलिबाग, पेण, रोह्याच्या महाविद्यालयांतली मुलं एका हिवाळ्यात हे करू शकतील. मराठी त्यांना येतं. हिब्रू वाचणारे दिमोनात बसले आहेत, आणि आजकाल फोटो तिथे पोचायला पोस्टाची वाट पाहावी लागत नाही. सरकारी अनुदानाची वाट मात्र पाहू नये, असं माझं एका माजी बँक अधिकाऱ्याचं मत आहे.

हे कसं करायचं, ते मला काकांच्या त्या पत्रानंच शिकवलं. 1997 च्या जानेवारीत मी परत गेलो. या वेळी सकाळी सातला. ऊन तिरकं असलं की कोरलेल्या अक्षरांच्या खोबणीत सावली भरते आणि दगड बोलू लागतो. पण आईच्या कबरीवर नेमकी सुरूची सावली. शेवटी शेजारच्या वाडीतल्या एका पोरानं घरून बापाचा दाढीचा आरसा आणला. तो बाजूला उभा राहून आरशानं उन्हाचा पट्टा दगडावर तिरका मारत होता आणि मी फोटो काढत होतो. दगडाला पाण्याखेरीज काही लावलं नाही. खडू किंवा पीठ चोळणारे लोक असतात. तसं करू नये, दगड खराब होतो. एकेक अक्षर वर आलं. फोटो म्हणून अगदी रुक्ष. ना समुद्र, ना झाड. पोराच्या अंगठ्याची सावली एका कोपऱ्यात. तो पाठवला.

दोन महिन्यांनी आलेलं काकांचं पत्र माझ्याकडे अजून आहे. नातू नवा नवा हिशेब शिकला होता. त्यानं आजोबांच्या मांडीवर बसून हिब्रू ओळी वाचल्या, आजोबांनी त्याला मराठी ओळी वाचून दाखवल्या. एकाला दुसऱ्याच्या ओळी येत नव्हत्या; दोघांचा मिळून तो एक दगड वाचून झाला. मग पोरानं कुणाची तरी जंत्री आणून दोन्ही तारखा ताडून पाहिल्या आणि म्हणाला, आजोबा, एका दिवसाचा फरक येतो, दगडावर चूक आहे.

काकांनी लिहिलं होतं : ‘तुला हसू येईल, आयुष्यभर कॅश टॅली केली आणि आईच्या तारखांवर नातवानं बोट ठेवलं. त्याला सांगितलं, चूक नाही. आपला दिवस सूर्यास्ताला संपतो, दुसरा तिथूनच लागतो. तुझी पणजी गेली ती दिवेलागणीनंतर. कंदिलाची काच पुसून तिनं स्वतः वात लावली होती. इंग्रजी तारीख त्या दिवसाची, हिब्रू तारीख नव्या दिवसाची. मग तो विचारू लागला, कंदील म्हणजे काय, घर कुठे होतं, दिवा लावून ती कुठे बसली. त्या रात्री त्याला झोपवायला बारा वाजले. सून रागावली.’

यानंतर काका सहा वर्षं जगले. त्यांची स्वतःची कबर अश्दोदला आहे. तिच्यावर मराठी ओळ आहे की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

जानेवारीतल्या त्या रविवारी सहलीची मंडळी जेवायला निघून गेली, तेव्हा भिंतीआडचे ते गृहस्थ पुन्हा पायरीवर आले. पंखे बंद करू लागले. मी थांबलेला पाहून म्हणाले, ‘‘तुमचा राहिला का फोटो?’’

म्हटलं, ‘‘तुमचा काढायचाय. इथेच, दारात. काढू?’’

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, टोपी सारखी केली आणि दाराच्या मधोमध उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘मोबाइलवर नुसता ठेवू नका हं. कागदावर काढून द्या. बहिणीला पाठवतो दिमोनाला. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, मोठा काढा.’’

मी दोन पावलं मागे झालो. त्यांनी मान किंचित वर करून कमानीवरच्या हिब्रू ओळीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘वरची अक्षरं येतायत ना?’’